अटलांटिकवरची दोन ते पाचची पाळी

उद्यमनगरी:

नमस्कार मंडळी. २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मी कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियापर्यंत शिडाच्या नौकेतून अटलांटिक महासागर पार केला. अंतर साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. दिवस लागले २१. कोल्हापुरात परत आल्यापासून गल्लीत, कारखान्यात, लग्नात, भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. वादळ लागलं का आणि शार्क दिसला का?

वादळ लागलं नाही. शार्कही दिसला नाही. त्यामुळं पुढचं कुणी विचारतच नाही, आणि मला तर पुढचंच सांगायचंय. म्हणून हा धागा.

नौका ४० फुटांची. माणसं चार. कप्तान आणि त्यांची बायको फ्रान्समधले, दोघंही साठी ओलांडलेले. त्या बाई निवृत्त नर्स. एक पोर्तुगीज पोरगा, वय २४. आणि चौथा मी. मी शिडं चालवायला गोव्यात शिकलो, नंतर मुंबई-गोवा दोन फेऱ्या खलाशी म्हणून केल्या आणि तिथल्या ओळखीतून हे जमलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखी आहे ती पाळी. रात्री आठ ते सकाळी आठ हे बारा तास चौघांत वाटलेले, प्रत्येकाला तीन. आठ ते अकरा कप्तान, अकरा ते दोन बाई, दोन ते पाच मी, पाच ते आठ पोर्तुगीज पोरगा. एकवीस दिवसांत हा क्रम एकदाही बदलला नाही. नौकेवरची घड्याळं आम्ही ग्रीनिचच्या वेळेवरच ठेवली होती. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे मी रात्री दोनला वर यायचो तेव्हा कोल्हापुरात सकाळचे साडेसात वाजलेले असायचे. शिरोलीच्या एमआयडीसीत पहिली पाळी लागलेली, आई चहा करून बसलेली, आणि मी काळ्याकुट्ट पाण्यावर एकटा.

पाळीवर करायचं काय? सुकाणू हातात धरून बसायचं नसतं. आमच्या नौकेला मागं वाऱ्यावर चालणारं सुकाणू-यंत्र होतं. वीज लागत नाही, मोटर नाही. एक उभा पंखा, म्हणजे न फिरणारं सपाट पातं, वाऱ्याच्या रोखानं लावून ठेवायचा. नौका वाटेवरनं सरकली की वारा पंख्याला आडवा लागतो, पंखा कलतो, आणि त्या कलण्यानं खालचं छोटं सुकाणू फिरून नौका परत वाटेवर येते. मी मशीन शॉपमध्ये वाढलेला माणूस. पहिल्या रात्री तासभर नुसतं ते यंत्रच बघत बसलो होतो.

बाकी काम नजरेचं आणि कानाचं. दर दहा-बारा मिनिटांनी उभं राहून चारही बाजूंचं क्षितिज नीट बघायचं. जहाजांची माहिती देणारा पडदा बघायचा. वारा वाढतोय का, शीड फडफडतंय का, नवीन आवाज कुठला येतोय का? तासाला एकदा नोंदवहीत जागा, वेग, दिशा, वारा आणि हवेचा दाब लिहायचा. व्यापारी वारे ईशान्येकडून, म्हणजे आमच्या पाठीमागनं येत होते. मागचा वारा ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात नौका एका अंगावरनं दुसऱ्या अंगावर झुलत राहते, चोवीस तास. कप टेबलावर ठेवून हात काढला असं एकवीस दिवसांत एकदाही करता आलं नाही.

एक गोष्ट मात्र आयुष्यभर पुरेल. लास पाल्मास २८ अंश उत्तरेला आहे. तिथून जुन्या खलाशांच्या रीतीनं लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. आम्ही तसंच केलं आणि महासागराचा मधला भाग १६-१७ अंशांवर काटला. कोल्हापूर १६.७ अंशांवर आहे. ध्रुवतारा जितक्या अंशांवर आपण तितकाच क्षितिजाच्या वर दिसतो. म्हणजे खाली पाच हजार मीटर पाणी, आठवडाभरात एक जहाज नाही, आणि ध्रुव मात्र आमच्या गच्चीवरून दिसतो तितक्याच उंचीवर. मृग डोक्यावर येऊन पश्चिमेला, म्हणजे आमच्याच वाटेवर कलायचा. अशाच एका रात्री मी आईला उपग्रहावरून छोटा निरोप पाठवला की घराच्या सरळ रेषेत आहे. तिचं उत्तर आलं, "जेवलास का?"

आता नवव्या दिवसाची गोष्ट. उजाडलं की एकानं हार्नेस (दोरीनं नौकेला अडकवायचा अंगातला पट्टा) लावून डेकवर पुढं नाळेपर्यंत, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापर्यंत, जाऊन यायचं, ही रोजची फेरी. दोर कुठं घासलाय का, शिडाची शिवण उसवलीय का, बोल्ट सैल आहे का ते बघायचं. रात्री उडणारे मासे डेकवर पडून मेलेले असतात, ते पाण्यात टाकायचे. त्या दिवशी माशाच्या खवल्यांत मला एक स्टीलची स्प्लिट पिन दिसली, मोठी पिन निसटू नये म्हणून तिच्यात घालून पाय वाकवतात ती. बोटाच्या एका पेराएवढी. एक पाय तुटलेला, दुसरा घासून चकचकीत झालेला. कारखान्यात जमिनीवर अशी पिन दिसली की माझे वडील मशीन बंद करायला लावतात. पिन कुठली आहे ते सापडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी तिथंच बसलो आणि डोलकाठीच्या बुडापासून एकेक सांधा बघत गेलो. बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, डोलकाठीला जिथं जोडलेली असते तिथली जाड पिन सहा-सात मिलीमीटर वर आली होती. नौका प्रत्येक वेळी झुलली की ती केसभर सरकत होती. ती निघाली असती तर तेवढी लांब बूम शिडासकट सुटून डेकवर फिरली असती.

कप्तानांना उठवलं. शीड उतरवलं, पिन लाकडी हातोडीनं खाली बसवली, नवी स्प्लिट पिन घातली, पाय वाकवले, वरून टेप गुंडाळला. पाऊण तासाचं काम. कप्तानांनी ती तुटकी पिन माझ्या हातावर ठेवली. आता ती वडिलांच्या टेबलाच्या खणात आहे.

अजून खूप आहे, पण विचारा तसं लिहीन.

कळंबा_कन्या:

दादा, एका दमात वाचलं. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). झोपत कसं होता, अंघोळीचं काय आणि संडासचं काय? घरी विचारलं तर सगळे हसतात, पण मला खरंच हेच जाणून घ्यायचंय.

उद्यमनगरी:

ताई, हसायचं काही नाही त्यात. समुद्रावर निम्मा दिवस याच गोष्टींत जातो.

झोपायच्या बाकाला एका बाजूनं जाड कापड वर ताणून बांधतात, बाळाच्या झोळीसारखं, म्हणजे माणूस गडगडत नाही. पाठीला उशी, गुडघ्याला उशी, असं स्वतःला चेपून झोपायचं. कानापासून दोन इंचांवर पाणी धावत असतं. पहिले चार दिवस झोप लागली नाही, त्यात मळमळ. आल्याचा तुकडा तोंडात धरायचो आणि शक्य तेवढं बाहेर क्षितिजाकडं बघत बसायचो. पाचव्या दिवशी अंग आपोआप सरावलं.

संडास हातपंपाचा. पुरुषांनीही बसूनच जायचं, हा पहिल्या दिवशी सांगितलेला नियम, कारण झुलत्या नौकेत उभं राहिलं की घाण होते आणि ती दुसऱ्याला साफ करावी लागते. कागद पंपात टाकायचा नाही.

अंघोळ समुद्राच्या पाण्यानं, मागच्या पायरीवर बसून, हार्नेस लावून. शेवटी एक तांब्या गोडं पाणी, मीठ धुवायला. टाकीत ४०० लिटर पाणी होतं. चार माणसं आणि पंचवीस दिवस धरले तर माणशी दिवसाला चार लिटर, त्यात पिणं, स्वयंपाक, दात घासणं सगळं. खारं पाणी गोडं करायचं यंत्र होतं, पण कप्तानांचा हिशेब यंत्र बंद पडलंय असं धरूनच. भात शिजवताना दोन भाग गोडं आणि एक भाग समुद्राचं पाणी घ्यायचो, वेगळं मीठ लागत नाही.

शाहूपुरीकर:

पाण्याचा हिशेब वाचून २०१९ चा महापूर आठवला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. चारी बाजूंनी पाणी, आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला थेंब नाही. टँकरपुढं कळशा घेऊन रांगेत उभं राहिलो. माझी आई तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला आणि भांड्याचं पाणी संडासाला वापरायची. तुमची नौका म्हणजे तेच रोज.

जेवणाचं सविस्तर लिहा की राव. कोल्हापूरचा माणूस एकवीस दिवस बिनतिखटाचा राहिला यावर माझा विश्वास नाही.

उद्यमनगरी:

शाहूपुरीकर काका, अगदी तेच. आमच्याकडंही एका पाण्याची तीन कामं व्हायची.

बिनतिखटाचा राहिलो नाही. आईनं केलेली कांदा-लसूण चटणी एक किलो, गूळ, मेतकूट, भाजणी आणि शेंगदाणे नेले होते. बाकी सामान लास पाल्मासच्या बाजारातलं. बाजार करतानाच कळतं की जमिनीवरच्या सवयी उपयोगाच्या नाहीत. पुठ्ठ्याचे खोके नौकेत आणायचे नाहीत, त्यातनं झुरळांची अंडी येतात. अंडी न धुतलेली, फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली घ्यायची आणि दोन-तीन दिवसांनी उलटी करत राहायची, मग महिनाभर टिकतात. कोबी, कांदा, बटाटा, भोपळा शेवटपर्यंत पुरतो. केळ्यांचा हिरवा घड मागं टांगला होता, तो आठव्या दिवशी एकदमच पिकला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ केळीच.

शेगडी दोन बाजूंनी आसावर टांगलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भांडं सपाट राहतं. स्वयंपाक करणाऱ्यानं मात्र कमरेला पट्टा बांधून ओट्याला अडकवायचा, आणि कितीही उकडत असलं तरी उकळतं पाणी हाताळताना रबरी ॲप्रन घालायचा. भाजण्याला समुद्रावर इलाज नसतो. सगळ्यात कामाचं भांडं प्रेशर कुकर. गॅस वाचतो, आणि आपटला तरी झाकण उघडत नाही.

बुधवारी आणि रविवारी माझा स्वयंपाक. पिठलं-भात, थालीपीठ, अंड्याची आमटी. चटणी त्यांना झेपेल का अशी भीती होती. पोर्तुगीज पोरगा तिसऱ्या दिवसापासून पावाला लावून खायला लागला. एकदा डोराडो मासा गळाला लागला. पाण्यातून वर येताना सोनेरी-हिरवा-निळा असतो आणि मरताना डोळ्यांदेखत राखाडी होतो. बाई त्या माशाला हात लावून फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि मगच त्यांनी सुरी लावली. त्याचा तांबडा रस्सा केला. चौघांनी पातेलं पुसून खाल्लं, आणि मग गळ पुढचे चार दिवस टाकला नाही, कारण फ्रिजमध्ये जागा नव्हती.

दांडी_किनारा:

मी मालवणचो. आजे रापणीवर, बापूस ट्रॉलरवर तांडेल (होडीचो म्होरक्यो), म्हणून वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे रात्री सगळ्यात मोठी भीती म्हणजे मोठी जहाजा. ती थांबू शकत नाहीत आणि आमचो दिवो त्यांका दिसात याची खात्री नाही. तुमका तसा अनुभव इलो काय? आणि माणूस पडलो तर तुम्ही काय करणार होतात? आमच्याकडे एक पडलो तेव्हा दुसरी होडी जवळ होती म्हणून वाचलो.

उद्यमनगरी:

तांडेलाच्या मुलाचा प्रतिसाद आला, धागा काढल्याचं सार्थक झालं.

जहाजांची भीती आम्हालाही होती, पण खोल समुद्रात ती क्वचित भेटतात. अकराव्या रात्री एक मालवाहू जहाज पडद्यावर दिसलं, आमच्या वाटेला छेदून जाणारं. तो पडदा दोघांमधलं कमीत कमी अंतर किती राहील ते सांगतो. अर्धा मैल दाखवत होता. मी रेडिओच्या १६ नंबरवर जहाजाचं नाव घेऊन हाक मारली. पलीकडून शांत आवाज आला आणि त्या अधिकाऱ्यानं लगेच वाट बदलली. शेवटी विचारलं, तुम्ही कुठले? मी म्हटलं, महाराष्ट्र, कोल्हापूर. तो केरळचा होता. दोन मिनिटं हिंदीत बोललो. त्याचे दिवे मावळेपर्यंत बघत बसलो होतो.

माणूस पडला तर, हे खरंच गंभीर आहे. सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल, वेगात नौका मिनिटाला १८५ मीटर पुढं जाते. तीन मीटरच्या लाटांत माणसाचं डोकं शंभर मीटरवरही दिसत नाही. शीड उतरवून, वळून, वाऱ्याविरुद्ध परत यायला किती वेळ जाईल याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून नियम एकच, पडायचंच नाही. रात्री बाहेर पाय टाकण्याआधी जिन्यातच हार्नेसची दोरी अडकवायची. आणि पाळीवर एकटा असताना डेकवर पुढं जायचं नाही. जायचंच असेल तर आधी दुसऱ्याला उठवायचं, मग तो कितीही थकलेला असो.

स्पष्टवक्ता_गारगोटी:

लेख चांगला आहे, पण हा पैसेवाल्यांचा छंद आहे हे मान्य करा. आपल्याकडच्या पोरांनी स्पर्धा परीक्षा, शेती, नोकरी सोडून अटलांटिक ओलांडायचा?

उद्यमनगरी:

तुमचा प्रश्न रास्त आहे. नौका विकत घेणं हा पैसेवाल्यांचाच विषय. पण खलाशी म्हणून जायला नौका लागत नाही. मला विमानाचं तिकीट, व्हिसा आणि जेवणखर्चातला माझा चौथा हिस्सा एवढा खर्च आला. तो मी तीन वर्षं ओव्हरटाइम करून साठवला. घरच्यांकडून एक रुपया घेतला नाही. वडिलांनी फक्त सुट्टी मंजूर केली, आणि ती त्यांनी कारखान्यातल्या बाकीच्यांना देतात त्याच नियमानं दिली, बिनपगारी.

नोकरी सोडून जा असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण आपल्या पोरांच्या हातात जे आहे ते तिथं लागतं. इंजिनाचं फिल्टर बदलणं, पंप खोलणं, दोर गाठणं, कमी पाण्यात भागवणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही चांगला फिटर त्या नौकेवर चार दिवसांत हवाहवासा होईल.

जुना_वाचक:

गारगोटीकरांना आणि सगळ्यांनाच एक आठवण करून देतो. शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे दिलीप दोंदे, २००९-१०. त्यांची ५६ फुटी 'म्हादेई' गोव्यात दिवार बेटावर बांधली गेली, आणि तिचं नाव आपल्याच सह्याद्रीतल्या नदीचं. त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठल्याही बंदराला न लागता फिरून आले. २०१७-१८ मध्ये 'तारिणी'वरून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी २५४ दिवसांत. आणि २०२४-२५ मध्ये त्याच तारिणीवरून नौदलाच्याच अधिकारी दिलना आणि रूपा, दोघीच. दोघी म्हणजे एक झोपली की दुसरी जागी, आठ महिने. या धाग्यामुळं त्या पाळीचा अर्थ मला आता नीट कळला.

कळंबा_कन्या:

काका, दिलना-रूपाबद्दल माहीत होतं, पण असा विचार केला नव्हता. उद्यमनगरी दादा, शेवटचे दोन प्रश्न. भांडणं झाली का? आणि शिकायचं असेल तर सुरुवात कुठून?

उद्यमनगरी:

सुरुवात लहान होडीतून कर. गोवा, मुंबई, हैदराबादचं हुसेन सागर, तिन्हीकडं शिडाच्या छोट्या होड्या शिकवतात. वारा कुठून येतोय हे गालाला कळायला लागलं की मग मोठ्या नौकेवरचा पाच दिवसांचा खलाशी अभ्यासक्रम. आणि पोहता आलंच पाहिजे.

भांडण झालं नाही, पण एक गोष्ट घडली ती सांगतो. सहाव्या रात्री मी पाळीला उशिरा उठलो. गजर झाला होता, मी तो बंद करून परत झोपलो. जागा झालो तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. धडपडत वर गेलो तर पाऊस पडत होता. बाई चाकाजवळ भिजलेल्या बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नव्हती. एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त थर्मासकडं बोट दाखवलं, चहा आहे म्हणून, आणि खाली गेल्या. जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर थरथरत होता. वय ६३. तीन तासांची पाळी, वर माझी पंचवीस मिनिटं.

ते मला फार लागलं. कारखान्यात रिलिव्हर उशिरा आला तर मागचा माणूस मशीन सोडून जात नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय. तरी ते कळायला मला अटलांटिक लागला. दुसऱ्या रात्रीपासून मी पावणेदोनला वर असायचो. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून लाल दिव्यातच कपडे करायचो. भांडं वाजवायचं नाही, फळी दाबून पाय टाकायचा, कप फडक्यात गुंडाळून ठेवायचा. माझ्यामुळं कुणाची झोप मोडू नये, बस्स. सगळेच तसं वागायचे. चाळीस फुटांत चार माणसं भांडली नाहीत त्याचं कारण मला तरी एवढंच दिसतं.

दांडी_किनारा:

शेवटची रात्र कशी होती? जमीन दिसली तेव्हा कोण पाळीवर होता?

उद्यमनगरी:

मीच.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. तिथल्या वेळेनं मध्यरात्र. ढग खाली आले होते आणि पुढं क्षितिजावर ढगांच्या पोटाला फिकट पिवळा उजेड लागलेला होता. आधी वाटलं चंद्र उगवतोय, पण ती पश्चिम होती. मग उजवीकडं तसाच दुसरा उजेड. नकाशा बघितला. समोर सेंट लुसिया, उजवीकडं मार्टिनिक. वारा पाठीमागचा, त्यामुळं मातीचा वास वगैरे काही नाही, नुसता उजेड.

ओरडून सगळ्यांना उठवावं असं अगदी घशापर्यंत आलं होतं. पण नौका वाटेवर होती, धोका काही नव्हता, किनारा अजून चाळीस मैल होता. बाई सव्वादोनला झोपल्या होत्या. कप्तानांना सकाळी बंदरात नौका घ्यायची होती. पोराला पाचला उठायचंच होतं. मी नोंदवहीत लिहिलं, ४.१०, जमिनीचा उजेड. आणि परत वर येऊन बसलो.

पाचला दहा कमी असताना चहा केला, दोन कप. खाली जाऊन पोराच्या पायाला हात लावला, नेहमीसारखा. तो वर आला, कप घेतला, समोर बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मग शेजारी बसला. कप्तान सातला उठेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.